चोरून टोचलेली पोरं

मुचानेता या नावाचा अर्थ होतो 'थकाल तुम्हीच'. ती जन्मली तेव्हा तिच्या बापाचं शेजाऱ्याशी शेताच्या हद्दीवरून वाजलं होतं. पोरीला मारलेली हाक शेजाऱ्याच्या कानावर पडावी म्हणून बापाने हे नाव ठेवलं. शेजारी थकला नाही. बापच आधी गेला, मागोमाग शेतही गेलं, नाव तेवढं पोरीला राहिलं.

पण लग्नानंतर त्या नावाने तिला कोण हाक मारणार? सावे नदीच्या खोऱ्यात बाई ओळखली जाते ती पहिल्या लेकराच्या नावाने. मुचानेता काही वर्षं माय रुफारो होती. मग ती माय योशिया झाली.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही मुतोंडाच्या प्रेषितांच्या मंडळीतलं, म्हणजे एका ख्रिस्ती पंथातलं. पायघोळ पांढरा झगा, तुळतुळीत डोकं, अनवाणी पाय, पुरुषांच्या हातात उंच काठी. शनिवारी गोरखचिंचेखाली उपासना. दारू नाही, डुकराचं मांस नाही, अंगावर लाल कपडा नाही आणि औषध नाही. मांत्रिकाचं नाही तसंच डॉक्टरचंही नाही. दुखलंखुपलं तर संदेष्टा पाण्यावर प्रार्थना करून देई, ते प्यायचं. तेवढ्याने बरं वाटलं तर देवाने ऐकलं. नाही वाटलं तर कोणाच्या तरी मनात खोट होती.

नवरा हेझेकिया मंडळीतला वडील, म्हणजे जबाबदार माणूस. पत्र्याच्या बादल्या आणि पेट्या ठोकायचा. हात कधी उगारला नाही, दाणागोटा कधी कमी पडू दिला नाही. त्याची थोरली बायको दोरका. तिला मुचानेता रिवाजाप्रमाणे 'मायगुरू', म्हणजे थोरली माय, म्हणायची. एकाच अंगणात प्रत्येकीची वेगळी गोल झोपडी, वेगळी चूल, पण पोरं सगळ्यांची मिळून एका ताटात जेवायची.

रुफारो तीन वर्षांची असताना खोऱ्यात गोवर आला. पोरीच्या अंगावर पुरळ उठलं, डोळे चिकटले, खोकल्याने ती वाकडी होऊ लागली. संदेष्टा लेव्ही रोज येऊन पाणी देऊन जाई. चौथ्या दिवशी मुचानेता पोरीला पाठीला बांधून दारात उभी होती, तेव्हा तिची नजर डांबरी रस्त्याकडे गेली. त्या रस्त्याने तासभर चाललं की पूल, आणि पुलाजवळ सरकारी दवाखाना. तिने फक्त पाहिलं. पाऊल उचललं नाही. सहाव्या दिवशी रुफारो गेली.

पोरीला मातीआड केल्यावर लेव्ही सगळ्यांसमोर म्हणाला, "या घरात शंका शिरली होती. आईच्या डोळ्यांतून शिरली."

ह्याला कसं कळलं? आपल्या त्या एका नजरेने पोर गेलं, हे मुचानेताने मनोमन मान्य केलं आणि पुढची कितीतरी वर्षं ते ओझं वाहिलं. बायकांनी दया म्हणून तिला माय रुफारो म्हणायचं बंद केलं. योशिया झाल्यावर सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं. त्याच्या पाठीवर रुवा झाली, मग काही वर्षांनी धाकटा मिखा.

दरम्यान ती मंडळीतली सुईण झाली. हात हलका, तोंड बंद. असली बाई बाळंतपणाला सगळ्यांनाच हवी असते. उरलेल्या वेळात ती गोरखचिंचेची साल सोलून, कुटून, तिच्या दोरीच्या चटया विणायची आणि आठवड्यातून दोनदा पुलाजवळ रस्त्याच्या कडेला मांडून बसायची.

तिथेच तिला सिस्टर ओपाह भेटली. दवाखान्यातली नर्स. जाडजूड, मोठ्या आवाजाची, दुसऱ्या चर्चची; रविवारी तिच्या अंगात लालभडक ब्लाउज असायचा. एका दुपारी ती चटई उलटीपालटी करत बसली.

"ही कड सैल आहे गं."

"सैल नाही, सिस्टर. नवी आहे. बसाल तशी बसेल."

"माझ्या वजनाने बसेलच ती," ओपाह हसली. मग मिखाकडे बघत म्हणाली, "किती पोरं तुला?"

"चार झाली. तीन आहेत."

"चौथं कशाने गेलं?"

"माझ्या शंकेने."

"आजार कुठला, ते विचारते मी."

मुचानेता म्हणाली, "गोवर."

ओपाह त्या सैल कडेच्या चटईवर मांडी घालून बसली. "हे बघ बाई. गोवराला तुझी शंका लागत नाही. त्याला शेजारचं एक खोकणारं पोर पुरतं. तू देवावर हजारदा विश्वास ठेव, मीही ठेवते. पण सुई दोन मिनिटांची आहे."

"आमच्यात चालत नाही."

"माहीत आहे. तुमच्यातल्या सहा बायकांच्या पोरांची कार्डं माझ्या कपाटात आहेत."

"कोणाच्या?"

"नावं सांगितली तर उद्या माझ्याकडे येईल कोण?"

मुचानेताने त्या आठवड्यात विणलेली चटई तीनदा उसवली. अकराव्या दिवशी तिने झग्यावर फुलाफुलांचं कापड गुंडाळलं, डोक्याला वेगळा रुमाल बांधला आणि तिन्ही पोरांना घेऊन चटया विकायला म्हणून निघाली. ओपाहने दंडावर टोचलं नाही. दंड उपासनेत उघडा पडतो. मांडीत टोचलं, आणि जिची खूण आयुष्यभर राहते ती लस द्यायचंच टाळलं. मिखा असा भोकाड पसरून रडला की मुचानेताला वाटलं, हा आवाज आपल्या अंगणापर्यंत पोचणार.

योशिया तेव्हा आठ वर्षांचा. परतताना त्याने विचारलं, "माय, हे पाप आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "पण ते माझं. तुझं नाही."

त्यानंतर पोरांची कार्डं कपाटात पडून राहिली आणि मुचानेताच्या जिभेवर एक वाक्य बसलं. बाळंतिणीची तेलपट्टी करताना ती सहज म्हणायची, "पुलाजवळची नर्स चटया फार घेते बाई." समोरचीने "कशाला लागतात तिला एवढ्या?" असं विचारलं, तर मुचानेता हवापाण्याचं बोलायला लागायची. "किती वाजता असते ती?" असं विचारलं, की तिला कळायचं. तीन वर्षांत चौदा पोरं तिच्यासोबत गेली.

आपल्या अंगणातल्या दोघींना मात्र तिने ते वाक्य कधी ऐकवलं नाही. एक येमुराय, हेझेकियाची तिसरी बायको; मुचानेता तिला 'माइनिनी', म्हणजे धाकटी माय, म्हणायची. वय वीस, स्वभाव कोवळा, विश्वास लहान लेकरासारखा; लेव्ही बोलला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुसरी दोरका. दोरका नवऱ्यापासून काहीच लपवून ठेवत नाही, असं मुचानेताने धरून ठेवलं होतं. दोरकाची लेक जोहान्सबर्गला धुण्याभांड्यांची कामं करायची, आणि लेकीचा मुलगा शेम आजीपाशी वाढत होता. चार वर्षांचा शेम आणि तीन वर्षांचा मिखा एकाच ताटात सद्झा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खायचे, बोटं चाटून एकमेकांना दाखवायचे.

दोन हजार बावीस साली शरदातल्या मेळाव्याला चहूकडून माणसं आली. मेळावा उठला आणि पंधरा दिवसांत खोऱ्यातली पोरं खोकायला लागली.

अंगणात पहिला पडला तो शेम. मिखा त्याच्या शेजारीच झोपलेला होता, त्याला शिंकही आली नाही.

मुचानेता चटया न घेताच पुलाकडे पळाली. "सिस्टर, आता टोचलं तर?"

"अंगावर उठल्यावर सुई कामाची नाही. इकडे आण त्याला. छातीत उतरलं तर औषध लागेल, सलाईन लागेल."

"मायगुरू आणणार नाही."

"विचारलंस तिला?"

मुचानेता तशीच मागे फिरली.

घरी आल्यावर ती तीनदा दोरकाच्या दारात गेली. पहिल्यांदा विचारलं, पाणी आहे का? दुसऱ्यांदा विचारलं, सरपण देऊ का? तिसऱ्यांदा नुसतीच उभी राहिली. दोरका शेमचं डोकं मांडीवर घेऊन लेव्हीने दिलेलं पाणी चमच्याने त्याच्या ओठांत सोडत होती.

"काय गं?" दोरकाने मान वर न करता विचारलं.

"काही नाही, मायगुरू."

आठव्या दिवशी शेम गेला. त्या महिन्यात मंडळीच्या दफनाच्या जागेत इतके छोटे उंचवटे झाले की पुरुषांनी खड्डे आधीच खणून ठेवायला सुरुवात केली. जिल्ह्याचं लसवालं पथक मोटारी घेऊन आलं, तेव्हा मंडळीच्या वडिलांनी पोरांना डोंगरातल्या कपारींत लपवलं. तापलेली, खोकणारी पोरं एकमेकांना चिकटून दोन दिवस तिथे बसली. खाली आली तेव्हा आणखी आजारी होती.

शेमला पुरल्यावर चौथ्या दिवशी दोरका चुलीपाशी बसली होती. समोर मिखा काठीचा घोडा करून अंगणभर पळत होता.

"तुझ्या तिघांच्या अंगावर एक पुरळ नाही," दोरका म्हणाली.

"देवाची कृपा, मायगुरू."

"आणि माझ्या शेमवर ती का नव्हती?"

मुचानेताने हातातली भांडी उगाचच पुन्हा विसळली. दोरकाने चुलीतलं लाकूड आत सारलं. पण त्या दिवसापासून ती मिखाकडे बघत राहायची. रागाने बघायची असंही नाही. हिशेब न लागलेल्या माणसासारखी बघायची.

मग येमुरायचा आनेसु पडला. चौदा महिन्यांचं पोर. ह्या वेळी मुचानेताने कोणालाच काही विचारलं नाही. ओपाहने तिला दोन मऊ गोळ्या दिल्या. टोक कापून आतलं तेल तोंडात पिळायचं, एक आज, एक उद्या. "निदान डोळे वाचतील," ओपाह म्हणाली. "जीव वाचेल की नाही ते मला विचारू नकोस." गोळ्या लाल होत्या. मुचानेताने त्या झग्याच्या आत अशा दडवल्या, जणू निखाराच.

येमुराय नदीवर पाण्याला गेली तेव्हा पहिली दिली. दुसऱ्या दिवशी गोळी पिळत असतानाच येमुराय दारात येऊन उभी राहिली, डोक्यावर भरलेली बादली.

"ते लाल काय आहे?"

"तुझ्या पोराच्या डोळ्यांसाठी आहे. तू पाहिलं नाहीस, माइनिनी. कोणी विचारलं तर तू नदीवर होतीस."

येमुरायच्या डोक्यावरची बादली सांडली. तिने पोराला उचलून छातीशी धरलं, पण त्याच्या तोंडातलं तेल पुसलं नाही.

आनेसु वाचला. डावा डोळा मात्र पांढरा पडला. उजव्याने दिसत होतं.

"गोळी आधी मिळती तर तोही राहता," असं ओपाहने सांगितलं. येमुरायला मात्र वेगळंच वाटत होतं. लाल वस्तू पोराच्या अंगात गेली, आणि देवाने एक डोळा त्याची किंमत म्हणून घेतला.

थंडीत वल्हांडणाचा, म्हणजे वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून भाकर मोडायच्या सणाचा, मोठा मेळावा भरला. डोंगराखालच्या मैदानावर हजारो माणसं, पांढरंच पांढरं. ओपाहने मुचानेताला आधीच सांगून ठेवलं होतं, "ह्या वेळी राजधानीतून मोठे साहेब येणार आहेत. आम्ही जिल्ह्याला लिहिलंय, लेखी दिलंय, कुठली कुठली पोरं गेली ते. ते मंडळीच्या वडिलांना समजावतील. सरकारपुढे कोणाचं चालतं?" मुचानेताने या गोष्टीवर फार भरवसा ठेवला होता. साहेब बोलतील, वडील मान हलवतील, आणि मग चोरून जायची गरजच उरणार नाही. दोरकालाही सांगता येईल.

साहेब आले ते काळ्या मोटारींच्या रांगेतून. मैदानाच्या कडेला त्यांनी बूट काढले, मोजे काढताना एकाने त्यांचा दंड धरला. मग सोबतच्याने पिशवीतून पांढरा झगा काढून त्यांच्या अंगावर चढवला. झगा कोरा होता, घड्या जशाच्या तशा.

"साहेबांवर आत्मा उतरलाय, पण इस्त्री करून," मुचानेताच्या मागची एक बाई पुटपुटली. दोघीतिघी झग्याच्या बाहीत हसल्या.

साहेबांनी भजनाला टाळ्या वाजवल्या. बोलायला उभे राहिले. "तुमची प्रार्थना ह्या देशाचा कणा आहे," ते म्हणाले. "काही लोक म्हणतात, ह्यांच्यावर कायदा करा. मी तुम्हाला शब्द देतो. तुमचा देव, तुमची लेकरं, तुमचा निर्णय. कोणी तुमच्या अंगणात जबरदस्तीने पाय ठेवणार नाही. आणि पुढच्या वर्षी मतपेटीजवळ तुम्हीही आम्हाला विसरू नका."

पुरुषांनी काठ्या उंचावल्या. हजारो गळ्यांतून आरोळी उठली. मुचानेता आजूबाजूच्या बायकांकडे पाहत राहिली. तिच्यासोबत दवाखान्यात गेलेल्या सहा-सात जणी तिथेच इकडेतिकडे बसल्या होत्या. एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही. सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. मग तीही वाजवू लागली.

भाकर मोडायच्या आधी प्रत्येकाला दारांतून जावं लागतं. दारं म्हणजे संदेष्ट्यांच्या समोरासमोर उभ्या रांगा. ते काठ्यांची कमान धरतात. खालून जाताना ज्याचं पाप त्यांना दिसलं त्याला थांबवतात. लेव्ही आता म्हातारा झाला होता, तरी कडेच्या दाराशी तोच उभा होता. बायकांच्या रांगेत येमुराय पुढे, पाठीला आनेसु, तिच्यामागे मुचानेता.

लेव्हीची काठी येमुरायसमोर खाली आली. "थांब. तुझ्या घरात लाल काहीतरी शिरलंय."

लेव्ही दर वर्षी पाच-दहा बायकांना असलंच काहीतरी म्हणायचा. लाल म्हणजे रक्त, लाल म्हणजे राग, लाल म्हणजे कोणाची वाईट नजर. बाई स्वतःच त्यात काय ते भरायची. पण येमुराय गुडघ्यांवरच कोसळली. "मी नाही दिलं! मी नदीवर होते! माय योशियाने दिलं, मी पाहिलं, पण मी तोंड पुसलं नाही..." ती मातीत कपाळ घासत राहिली आणि पाठीवरचं पोर रडायला लागलं.

रांग थांबली. लेव्हीने मुचानेताकडे पाहिलं.

"खरं आहे?"

"हो."

"अजून काय दिलंस?"

"माझ्या तिघांना सुई टोचून आणली. तीन वर्षं झाली."

हेझेकिया पुरुषांच्या बाजूला उभा होता. त्याने काठी दोन्ही हातांनी धरली.

"आणि कोणाकोणाची पोरं नेलीस?" लेव्हीने विचारलं. "तू सुईण आहेस. एवढ्या घरांत तुझा पाय. एकटी नाही गेलीस तू."

मुचानेताच्या मागे रांगेत चौघी उभ्या होत्या. त्यांच्यातली एक खोकली, घाबरून खोकल्यासारखी. मुचानेताने मागे वळून पाहिलं नाही.

"एकटीच गेले," ती म्हणाली. "बारा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात, मी शंका घेतली. तेव्हा मी नुसतं रस्त्याकडे पाहिलं होतं. ह्या वेळी चालत गेले."

तिला कोणी मारलं नाही. तसली मंडळी ती नव्हेच. दोन म्हाताऱ्या बायकांनी तिला बाजूला नेऊन अंगावरचा झगा उतरवून घेतला आणि त्याच्या जागी एक जुनं कापड दिलं. मागच्या चौघी कमानीखालून निघून गेल्या.

घरी परतल्यावर हेझेकिया अंगणात उकिडवा बसून रडला. मुचानेताने त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. रुफारोच्या वेळीही तो रडला नव्हता.

"मला का बुडवलंस?" तो म्हणाला. "मी मंडळीचा वडील आहे. माझ्या घरातून शेम गेला आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की देवाने दिला, देवाने नेला."

"बाबा योशिया, पोरं जिवंत आहेत."

"पोरं माझ्या नावाची आहेत. ती इथे राहतील. तू तुझ्या भावाकडे जा."

ती सामान बांधत असताना दोरका आत आली. बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकली.

"तीन वर्षं?" दोरकाने विचारलं.

"हो, मायगुरू."

"शेम एक वर्षाचा होता तेव्हा."

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्यांना सांगितलं असतं."

दोरका चौकटीपासून सरळ झाली. मग म्हणाली, "सांगितलं असतं. बहुतेक सांगितलंच असतं. पण विचारायचं तरी होतंस. एकटी गेल्याचं दुसऱ्यांना सांग; गावभर बायकांना विचारत फिरलीस, आणि माझं दार तीनदा चढून सरपणाचं विचारलंस."

मुचानेताने तिचे पाय धरायला हात पुढे केला. दोरकाने पाय मागे घेतला. "नको. मी तुला शिव्या देणार नाही. माझ्यात तेवढं उरलेलं नाही. जा आता, पोरं झोपलीत तोवर जा." जाता जाता ती म्हणाली, "मिखाला मी उपाशी ठेवणार नाही. तेवढं माझ्याकडून."

पुलाजवळ मुचानेताच्या भावाची एक खोली होती. तिथून ती दुसऱ्याच आठवड्यात पोलीस चौकीत गेली. हवालदाराने तिचं सगळं ऐकून घेतलं, खुर्चीही दिली.

"घरचं भांडण आहे बाई."

"घरचं कसं? पोरं माझी आहेत."

"आणि त्याची नाहीत का?" त्याने आवाज खाली आणला. "हे बघा. त्या मंडळींच्या वाटेला जायचं नाही, असं वरून आलंय. निवडणूक होऊ द्या, मग बघू."

थोड्याच दिवसांत सिस्टर ओपाहची बदली झाली, पार उत्तरेला. मंडळीच्या वडिलांनी तक्रार केली होती की नर्स आमच्या बायका फितवते. निघताना ओपाहने मुचानेताकडून दोन चटया घेतल्या, आणि एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, तिला नीट निरोप घेता आला नाही. "तुझंच खरं होतं गं, तू घाबरत होतीस ते," एवढंच म्हणाली. नवा माणूस नियमाचा होता. कार्ड आईने घरी न्यायचं, असं त्याने भिंतीवर लावलं. त्यानंतर पांढऱ्या झग्यातली एकही बाई फुलाफुलांचं कापड गुंडाळून तिथे आली नाही.

पुढच्या वर्षी साहेब निवडून आले. गोवर तोवर आपोआप ओसरला होता. घ्यायची तेवढी पोरं घेऊन झाली होती. हेझेकियाने बिऱ्हाड हलवलं आणि मंडळीतल्या दहा-बारा घरांबरोबर मोझांबिकच्या हद्दीत गेला, तिथे जमीन मिळत होती म्हणून. हे मुचानेताला बाजारात एका बाईने सांगितलं, तिच्याकडे न बघता, भेंड्या निवडता निवडता. त्या बाईची दोन पोरं मुचानेतानेच नेऊन टोचून आणलेली होती.

मुचानेताने चार चटया डोक्यावर घेतल्या, शिदोरीला शेंगदाण्याचा कूट आणि मक्याचं पीठ घेतलं आणि ती निघाली. डोंगर उतरून पलीकडे जायला अडीच दिवस लागले. वस्तीभोवती काट्यांचं कुंपण होतं. कुंपणाशी उभ्या असलेल्या पोरीला तिने सांगितलं, योशियाला बोलाव, कोणी विचारलं तर चटईवाली आली आहे म्हण.

योशिया आला. पांढरा झगा, तासलेलं डोकं, हातात पुरुषांसारखी काठी. बारा वर्षांचा. तो कुंपणापासून चार पावलं दूरच थांबला.

"माय, आत येऊ नकोस."

"नाही येत. तू बरा आहेस?"

"बरा आहे."

"रुवा?"

"बरी आहे. पाणी आणायला गेली आहे."

"आणि मिखा? मिखाला आणतोस का? नुसतं बघते."

योशियाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "तो मायगुरूला माय म्हणतो आता. त्याला आठवण करून दिली की तो रडत बसतो. नको, माय."

मुचानेताने मान हलवली. योशियाचे घोटे झग्याखालून उघडे पडले होते. झगा वीतभर आखूड झाला होता. तिची नजर तिथून हलेना.

"मंडळीतले वडील म्हणतात, तू सगळ्यांसमोर म्हणालीस की सुई सैतानाची होती, तर तुला परत घेतील," योशिया घाईघाईने म्हणाला. "एकदाच म्हणायचं. मी रोज प्रार्थना करतो तुझ्यासाठी. माझ्यासाठीही करतो. ती सुई माझ्या अंगातून निघून जावी म्हणून."

"ती निघत नाही रे," मुचानेता म्हणाली.

"म्हणजे?"

तिला सांगायचं होतं बरंच. पोर समोर उभं होतं, उंच, चांगल्या फुप्फुसांचं, दोन्ही डोळ्यांनी बघणारं, आणि त्याच्या कपाळावर भीती होती. तेवढ्यात आतून कोणीतरी पुरुषी आवाजात हाक मारली. योशिया वळला, मग पुन्हा फिरून म्हणाला, "चटई किती मोठी आहे? आमच्याकडे जमिनीला ओल फार आहे."

तिने चारही चटया कुंपणावरून आत टाकल्या. त्याला सगळ्या एका खेपेत उचलल्या नाहीत. दोन नेल्या, परत येऊन दोन नेल्या.

परतायला तिला तीन दिवस लागले. पाय सुजले होते, भाऊ ओरडला, वहिनीने गरम पाणी दिलं. आठवड्याने ती पुन्हा पुलाजवळ जाऊन बसली. ती मंडळीत परत गेलेली नाही, दुसऱ्या कुठल्या चर्चमध्येही जात नाही. शनिवारी काम करत नाही, एवढीच सवय राहिली आहे. पुढच्या हिवाळ्यात परत जाणार म्हणते. रस्ता आता माहीत झाला आहे.